‘मुदत गेली’ म्हणणाऱ्या टेबलासमोर

मित्रांनो, पोलीस ठाण्यात शिरलात की डाव्या हाताला एक अरुंद बोळ लागतो. बोळाच्या एका अंगाला ठाणे अंमलदाराची खोली आहे. त्या खोलीच्या दारासमोर, भिंतीला टेकून, सागाचा एक लांबट बाक ठेवलेला आहे. तो मी. वय वर्षे सेहेचाळीस. ठाणं मीरा-भाईंदरमधलं आहे एवढंच सांगतो, कुठलं ते विचारू नका.

ज्या मुलीची गोष्ट मी सांगणार आहे तिचं खरं नाव सांगायला कायद्याने मनाई आहे. ती मनाई मला मान्य आहे. म्हणून तिला आपण अनुष्का म्हणू, आणि तिच्या घरच्यांनाही दुसरीच नावं देऊ. ज्या माणसामुळे तिला माझ्यावर येऊन बसावं लागलं, त्याचं नाव मला चांगलं ठाऊक आहे. पण ते मी घेणार नाही. सगळे त्याला ‘सर’ म्हणत. आपणही तेवढंच म्हणू.

आधी थोडं माझ्याविषयी. मला राई गावच्या धाकू सुताराने घडवलं. एरवी तो होड्या दुरुस्त करायचा. गावच्या दवाखान्याला बाक हवा होता, म्हणून पंचायतीने त्याला सांगितलं. आठ दिवस तो माझ्यावर रंधा मारत होता. शेवटी त्याने डोळे मिटून माझ्या अंगावरून तळवा फिरवला आणि शेजारच्याला म्हणाला, “आजारी मानसां बसायची हायेत. कुसळ लागला तर मना शिव्या देतील.” एक कुसळ सापडलं. ते काढूनच त्याने मला हातगाडीवर चढवलं.

दवाखान्यातले दिवस माझे सुखाचे होते. लस टोचायच्या दिवशी माझ्यावर दहा-दहा पोरं रडत असत. कंपाउंडर रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, “धाकूचं काम आहे, हलणार नाही.” मला त्याचा अभिमान वाटे. पुढे दवाखान्याची नवी इमारत झाली, तिथे सिमेंटचे कट्टे आले आणि मला टेम्पोत घालून या ठाण्यात आणून टाकलं.

इथली माणसं वेगळी होती. दवाखान्यात माणूस आपलं दुखणं सांगायला उतावीळ असे. इथे तो ते गिळून बसे. कोणाचा मोबाइल हरवलेला असे, कोणाची पार्किंगवरून मारामारी झालेली, कोणी भाडेकरूचे कागद घेऊन आलेला. मी सगळ्यांना बसवलं. चोरालाही बसवलं आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाही.

दोन हजार सहा सालची एक दुपार मात्र माझ्या आत रुतून बसली आहे. राईची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी चौदा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. आई टेबलाशी वाकून हळू आवाजात बोलत होती आणि मुलगी माझ्यावर बसून नखाने माझी कड खरवडत होती. त्या वेळचे अंमलदार पाच मिनिटं ऐकून म्हणाले, “बाई, मुलीची बाजू आहे. उद्या तिचं लग्न व्हायचंय. नाव खराब होईल. घरी जा, नीट विचार करा, मग या.” त्या दोघी उठून गेल्या. टेबलावरच्या एकाही कागदावर काही लिहिलं गेलं नाही. मी सगळं ऐकलं होतं, पण बाकाची साक्ष कोण काढतो?

त्यानंतर ठाण्यात स्टीलच्या भोकाभोकांच्या खुर्च्या आल्या. मला जिन्याखाली ढकललं. माझ्यावर बंद पडलेला पंखा, जप्त केलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि जुने टायर आले. पाणी लागून माझा एक पाय फुगला. कंपाउंडरचं फडकं आठवत मी कित्येक वर्षं तिथे काढली. मग भिंतींना रंग द्यायचं ठरलं, जिन्याखालचं सामान हललं आणि रंगाऱ्यांनी मला उचलून अंमलदाराच्या दारासमोर टेकवून ठेवलं. नंतर मला कोणी हलवलं नाही. निष्काळजीपणानेच का होईना, मी योग्य जागी आलो होतो.

दोन हजार चोवीसचा एप्रिल. सोमवार होता. अकराच्या सुमाराला बावीस वर्षांची एक मुलगी सरळ टेबलापाशी गेली. हीच अनुष्का. ती सिल्व्हर पार्कला राहायची आणि एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती. त्या दिवशी तिने रजा टाकली होती.

“लहानपणी माझ्यावर अत्याचार झालाय. तक्रार लिहून घ्या,” ती म्हणाली.

अंमलदाराने पेन उचललं. “कधीची गोष्ट?”

“दोन हजार तेरा. जून ते ऑक्टोबर. मी अकरा वर्षांची होते. क्लासच्या सरांनी.”

पेन खाली गेलं. “अकरा वर्षं झाली, मॅडम. टाइम-बार झालं हे. तीन वर्षांची मुदत असते. मुदत गेली.”

“लहान मुलांच्या अशा गुन्ह्याला मुदत नसते.”

“कोणी सांगितलं? मोबाइलवर वाचलंत?”

“हो. कायदा मोबाइलवर पण मिळतो. तुम्ही पण बघा.”

मित्रांनो, हा मुदतीचा मामला मी इतकी वर्षं ऐकत आलोय, तो सोपा करून सांगतो. ज्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंतच असते, त्यासाठी कोर्टाचं दार ठरावीक काळच उघडं असतं. ज्याची शिक्षा त्याहून मोठी, त्याचं दार बंद होत नाही. मुलांना वाचवणारा नवा कायदा दोन हजार बाराच्या नोव्हेंबरात लागू झाला आणि शिकवणाऱ्यानेच मुलाच्या अंगाला असा हात लावला तर त्याची शिक्षा त्या कायद्याने बरीच मोठी केली. अनुष्काचं दार उघडं होतं. अंमलदाराला ते माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

“साहेब बंदोबस्तात आहेत. ते आले की बघू,” तो म्हणाला.

“मग मी बसते.”

“बसून काय होणार?”

“तेच बघायचंय मला.”

“मग बाहेर हॉलमध्ये बसा. पंखा आहे तिकडे.”

“तिथून तुम्ही दिसत नाही,” असं म्हणून अनुष्का माझ्यावर येऊन बसली. तिने पर्स मांडीवर ठेवली, पाठ ताठ केली आणि दारातून टेबलाकडे पाहत राहिली. अंमलदाराने मान वर केली की त्याला ती दिसे. त्याने दार लोटून घेतलं. अर्ध्या तासाने उकडायला लागलं, तेव्हा त्यालाच ते पुन्हा उघडावं लागलं. ती तशीच बसलेली होती.

माझ्यावर बसलेल्या माणसाचं वजन मला कळतं, तशी त्याच्या हातांची पकडही कळते. चेहऱ्याने ती दगडासारखी होती, पण एका हाताने माझी कड घट्ट धरून होती. अधूनमधून फोनवर ती आईशी बोलायची, त्यातून मला तिची हकिगत कळली.

तिचे वडील काशीनाथ मूळचे संगमेश्वरकडचे. औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून त्यांनी मीरा रोडला दोन खोल्यांचं घर केलं. मुलीचं गणित कच्चं म्हणून तिला सरांच्या क्लासला घातलं. सगळी मुलं गेल्यावर सर तिला ‘जादा सरावासाठी’ थांबवून घेत आणि तिच्या अंगाला नको तिथे हात लावत. असं पाच महिने चाललं. घरी सांगायला तिच्याकडे शब्दच नव्हता. पोट दुखतं, एवढंच ती म्हणे. सहामाहीत ती नापास झाली, म्हणून वडिलांनी क्लास बदलला आणि तिची सुटका झाली. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, हसू-बोलू लागली. ती गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नाही.

मग त्या मार्चमध्ये तिचे काका घरी आले. त्यांची सलोनी पाचवीत जाणार होती. काशीनाथ उठले, कपाटातून एक फॉर्म काढून भावाच्या हातात दिला आणि म्हणाले, “सरांकडेच घाल. आपली अनुष्का तिथेच शिकली.” सलोनी शेजारी बसून चकली खात होती. अनुष्काने काकांच्या हातातून तो फॉर्म घेतला आणि सर्वांसमोर फाडला. त्या दिवशी घरात पहिल्यांदा ती बोलली. आई रडली. वडील उठून गॅलरीत गेले आणि तिथेच उभे राहिले.

मंगळवारी ती पुन्हा आली. आज तिने तक्रार स्वतःच तीन पानांवर लिहून आणली होती. अंमलदाराने पानं न वाचताच परत केली. “आणखी एक गोष्ट सांगते,” ती म्हणाली, “असली तक्रार नोंदवून न घेणं हाही गुन्हाच आहे. तो तुमच्यावर लागेल.” खोलीतले दोन हवालदार एकमेकांकडे बघू लागले. ती येऊन माझ्यावर बसली.

दुपारी काशीनाथ आले. साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे, हातात कापडी पिशवी. माझ्या दुसऱ्या टोकाला ते अवघडून टेकले.

“चल गो घरी. लोक बघतायत.”

“बघू देत.”

“अगो, आपल्या मंडळाचा मी चिटणीस. सरांचा सत्कार मीच ठेवला होता. स्टेजवर त्यांच्या खांद्यावर शाल मी घातली.”

“माहितीय बाबा. मी पहिल्या रांगेत बसले होते.”

काशीनाथांनी पिशवी माझ्यावर ठेवली. मग दबक्या आवाजात म्हणाले, “मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही टाळ्या वाजवत होतात.”

  माझी कड धरून ते उठले आणि निघून गेले. पिशवी माझ्यावरच राहिली. तिच्यात पोळीभाजीचा डबा होता. अनुष्काने संध्याकाळी तो उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावताना पहिल्यांदा रडली. एवढं होऊनही तोंड तिने टेबलाकडून फिरवलं नाही. रडतानाही ती अंमलदाराला दिसावी अशीच बसली होती.

बुधवारी सकाळी दहा वाजता ती येऊन बसली, तेव्हा अंमलदार वैतागून म्हणाला, “मॅडम, तुम्हाला ऑफिस नाही का?”

“आहे. पगार कापतील. कापू देत.”

“आज पण साहेब नाहीत.”

“तुम्ही आहात ना. मी ही पानं इथे देतेय. घेतल्याचा शिक्का मारून द्या. नाहीतर नकार लिहून द्या. तो कागद घेऊन मी आयुक्तालयात जाते.”

हे चालू असताना बोळात चपलांचा आवाज आला. काशीनाथ आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला, एखाद्या सभेला जावं तसे. माझ्याकडे किंवा मुलीकडे न बघता ते थेट टेबलासमोर उभे राहिले.

“मी काशीनाथ. हिचा बाप. हिला त्या क्लासला मी सोडायचो, स्कूटरवरून. जिन्यात ती रडायची. कठडा धरून ठेवायची. मी तिची बोटं सोडवून तिला वर न्यायचो. हे पण लिहून घ्या.”

“काका, तुम्ही कशाला स्वतःच्या अंगावर…”

“लिहून घ्या म्हणतो ना!”

एवढा मोठा आवाज त्या माणसाने जन्मात काढला नसेल. हॉलमधली माणसं उठून बोळाच्या तोंडाशी आली. त्यातून वाट काढत एक बाई पुढे आल्या. महिला फौजदार नेहा मॅडम. दोन दिवस त्या ठाणे शहरातल्या कोर्टात एका केसमध्ये अडकल्या होत्या. त्यांनी अनुष्काच्या हातातली पानं घेतली आणि उभ्याउभ्याच तीनही वाचून काढली. मग अंमलदाराला म्हणाल्या, “सोमवारपासून बसलीय ही, असं बाहेर म्हणतायत. खरं?”

“मॅडम, अकरा वर्षांपूर्वीचं आहे. मला वाटलं मुदत…”

“मुदत कोर्टाने बघायची असते. टेबलाने नाही.”

त्या अनुष्काला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. चार तास जबाब चालला. काशीनाथ माझ्यावर बसून होते. कोणीतरी चहा दिला, तो त्यांच्या हातात गार झाला. संध्याकाळी अनुष्का बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत होती. वडिलांच्या शेजारी बसून तिने ती ओळ न ओळ वाचली. मग ताडकन उठून आत गेली. “इथे ऑगस्ट लिहिलंय. ऑक्टोबर आहे. दुरुस्त करा.” नेहा मॅडमनी लगेच दुरुस्ती करून, सही करून दिली.

पुढच्या आठवड्यात सरांना अटक झाली. त्या दिवशी ठाण्यात ही गर्दी! सरांकडे शिकलेली मुलं, त्यांचे आईबाप. “सर ने तो मेरे बेटे की लाइफ बना दी,” असं एक गृहस्थ प्रत्येकाला थांबवून सांगत होते. अनुष्का पुरवणी जबाबासाठी आली होती. पराग नावाचा एक पालक तिच्यासमोर आडवा उभा राहिला.

“मॅडम, एकच सांगा. इतकी वर्षं गप्प का होतात? एकदम आत्ताच कशी आठवण झाली?”

नेहा मॅडम पुढे सरसावल्या, पण अनुष्काने त्यांना हाताने थांबवलं.

“अकरा वर्षांची होते तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता,” ती म्हणाली. “पुढे शब्द कळला, तेव्हा हिंमत नव्हती. आता दोन्ही आहे. तुमची अडचण नक्की काय आहे? मी तेव्हा गप्प होते ही, की आता गप्प नाहीये ही?”

परागने वाट सोडली नाही. “तुमची मुलगी जाते ना त्या क्लासला?” अनुष्काने विचारलं. “घरी जाऊन तिला आधी नीट विचारा. मग मला विचारा.” तो बाजूला झाला आणि ती त्याच्या अंगावरून पुढे गेली. 

अटकेची बातमी राईपर्यंत गेली. चार दिवसांनी बत्तीस वर्षांची एक बाई ठाण्यात आली. तिला आपण आशा म्हणू. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. बोळात येताच ती थबकली. माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हलकेच माझ्या त्याच टोकाला बसली, जिथे अठरा वर्षांपूर्वी गणवेशात बसली होती.

होय मित्रांनो, तीच ती मुलगी. आणि तोच तो माणूस. तेव्हा त्याचा क्लास एका गाळ्यात होता.

अंमलदाराचा सूर आता मऊ झाला होता. “ताई, तुमचं मात्र खरंच मुदतीबाहेर गेलंय हो. नवा कायदा यायच्या आधीचं आहे तुमचं. जुन्या कायद्यात त्याला दोनच वर्षं शिक्षा होती, म्हणून तीन वर्षांत कोर्टात जायला हवं होतं.”

“मी तीन मयन्यांत आयलेली,” आशा म्हणाली. “याच बाकावर बसलेली. आय होती संगं. तुमच्या सायबांनी घरी धाडला. लग्न व्हायचा हाय म्हनाले.”

अंमलदाराने जुनी रजिस्टरं काढायला लावली. दोन हवालदार धूळ झटकत दिवसभर शोधत होते. नोंद नव्हती. मी तिथेच होतो, मला सगळं आठवत होतं. लाकडाला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

नेहा मॅडमनी आशाचाही जबाब घेतला. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला असतो, म्हणून तसा अर्ज गेला. चार महिन्यांनी निकाल आला. अर्ज फेटाळला होता. तिला ठाण्यातून परत पाठवल्याचा कुठलाही लेखी पुरावा नाही, त्यामुळे उशिराचं कारण सिद्ध होत नाही, असं त्यात म्हटलं होतं. ज्यांनी लिहून घेतलं नाही ते पेन्शन घेऊन घरी बसले होते. आणि न लिहिल्याची शिक्षा जिचं लिहिलं नव्हतं तिला झाली.

बातमी सांगायला नेहा मॅडमनी दोघींना बोलावलं होतं. बाहेर येऊन दोघी माझ्यावर बसल्या. आशापेक्षा अनुष्काच जास्त रडत होती.

“रडतेस कशाला?” आशाने तिच्या पाठीवर थाप मारली. “माजा दार बंद जाला. तुजा उघडा हाय ना? मी तुज्या दारातून आत येते.”

तसंच झालं. अनुष्काच्या खटल्यात आशा साक्षीदार झाली. तिच्या नावाचं समन्स आलं तेव्हा अंमलदाराने चाचरत विचारलं, “घरचे काय म्हणतात?” आशा म्हणाली, “नवऱ्याला सांगितला. तो दोन दिवस बोलला न्हाय. तिसऱ्या दिवशी इचारला, तारीख कधी हाय, सुट्टी टाकायला लागंल.” आणि तिने समन्सवर भलीमोठी सही केली.

गेल्या महिन्यात तिची साक्ष झाली. मी कोर्टात नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी नेहा मॅडम याच बोळात उभ्या राहून अंमलदाराला सगळं सांगत होत्या. या बाईची साक्षच घेऊ नये, तिचा अर्ज फेटाळला आहे, अशी सरांच्या वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशांनी हरकत लिहून घेतली आणि बाईंना बोलू द्या म्हणाले. मग वकिलाने विचारलं, “एकोणीस वर्षं झाली. एवढं बारीकसारीक तुम्हाला आठवतं कसं?”

आशा म्हणाली, “सायेब, इसरायचा लय प्रयत्न केला. जमला न्हाय.”

सर पिंजऱ्यात उभे होते. ती बोलत होती तोवर त्यांनी एकदाही मान वर केली नाही, असं नेहा मॅडम म्हणाल्या. अनुष्काची साक्ष आधीच झाली होती. दोन दिवस वकिलाने तिला उलटसुलट विचारलं आणि ती एकाही तारखेत चुकली नाही. निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल ते मला माहीत नाही. काशीनाथांनी मंडळाचं चिटणीसपद सोडलं आणि सत्काराचा फोटो कार्यालयाच्या भिंतीवरून स्वतः उतरवला. सलोनी गणित घरीच शिकते, अनुष्काकडे. कोणी नको तिथे हात लावला तर काय म्हणायचं, हे तिला आता सरळ शब्दांत सांगता येतं. ते शब्द अनुष्काने तिला शिकवले.

आता माझं. ठाण्यातल्या जुन्या सामानाची यादी झाली आहे आणि माझ्या पाठीवर खडूने सतरा असा आकडा पडला आहे. म्हणजे भंगार. मला वाचवा असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी खुशाल नवी खुर्ची ठेवा, पण ती टेबलासमोरच ठेवा, पंख्याखाली कोपऱ्यात नको. आणि मोठ्यांनो, ही गोष्ट वाचून दाखवता दाखवता तुम्हीही ऐकत असाल, तर माझं मागणं तुमच्याकडेच आहे. एखादं लेकरू उशिरा बोललं, वीस वर्षं उशिरा बोललं, तरी त्याला ‘आत्ताच का’ असं विचारू नका. तो दिवस, ती तारीख, त्याचं म्हणणं लिहून ठेवा. न लिहिलेल्या एका कागदाने एका बाईचं दार कायमचं लावून टाकलं, ते मी पाहिलं आहे.

आणि मित्रांनो, तुम्ही. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर चूक तुमची नाही. आईला सांगा. ती गप्प बसली तर मावशीला सांगा, शाळेतल्या बाईंना सांगा, शेजारच्या काकूंना सांगा. ऐकून घेणारं कोणी भेटेपर्यंत सांगत राहा. आणि मोठं झाल्यावर कधी टेबलासमोर उभं राहावं लागलं आणि पलीकडचा माणूस म्हणाला की मुदत गेली, घरी जा, तर समोर जे काही असेल, बाक, खुर्ची, नाहीतर जमीन, तिथे बसा. हातात शिक्क्याचा कागद पडेपर्यंत उठू नका.